चॅनलचा सातबारा

आष्टीत एकरभर शेत घ्यायचं म्हटलं तर माणूस वर्ष-वर्ष हिंडतो. सातबारा काढतो, बँकेचा बोजा चढला आहे का बघतो, विहिरीत कोणाचा वाटा, बहिणींनी हक्कसोड दिली का, धुऱ्यावरचा आंबा कोणाच्या आजानं लावला, हे सगळं खोदून खोदून विचारतो आणि मगच इसार देतो. माझी हयात तहसीलच्या आवारात असल्याच कामांचे अर्ज लिहिण्यात गेली. 1942च्या 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्या या गावानं गोळ्या झेलल्या आणि गावाच्या नावाला ‘शहीद’ जोडलं गेलं. ताबा नेमका कुणाचा, हा प्रश्न आमच्याकडे कोणी हलक्यात घेत नाही.

अपवाद माझा पुतण्या. त्यानं यूट्यूबचं चालू चॅनल चहा निवायच्या आत विकत घेतलं.

“काका, च्यानल घेतलं.”

“सातबारा पायला का?”

“त्याले सातबारा नसते.”

“मंग भेटलं काय?”

“पासवर्ड.”

म्हणजे ताबा मिळाला होता. मालकीचं काय, ते देव जाणे.

त्याला संत्र्याच्या बागेवर व्हिडिओ करायचे होते. आंबिया बहार कसा धरावा, डिंक्या कसा ओळखावा, असे. पण जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4,000 तास पाहिले गेलेले व्हिडिओ लागतात. शून्यापासून सुरुवात करून तिथवर पोचेपर्यंत बाग म्हातारी होईल, असा त्याचा हिशोब. म्हणून भरल्या पिकाचं रान घेतलं. पीक तेवढं मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाचं होतं. त्यात कुठल्याशा गाण्यावरून कॉपीराइटची एक स्ट्राइक आधीच बसलेली. 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनल बंद. बोजा म्हणतात तो हाच, पण पुतण्याला तो घरी आल्यावर दिसला.

एका रात्री त्यानं नव्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, तर गूगलनं विचारलं, हे तुम्हीच आहात का? विचारलं ते याला नव्हे, विकणाऱ्याच्या फोनला. पडद्यावर नंबराचे शेवटचे दोन आकडे आणि आधी सगळे ठिपके. आमच्या घरातल्या कोणाच्याच नंबरात ते आकडे नव्हते. तिकडे त्या भल्या माणसानं ‘नाही, मी नाही’ दाबलं आणि नवा मालक स्वतःच्या शेताबाहेर उभा राहिला.

पोरगं लगेच पोलिसांत निघालं. म्हटलं, “थांब, आधी मोजणी करू.”

पुतण्याच्या जुन्या फोनवरून खातं अजून उघडत होतं, त्यावर बसून आम्ही चतुःसीमा काढल्या. खातं परत मिळवायचा फोन नंबर विकणाऱ्याचा. तसाच दुसरा ई-मेल त्याच्या मेव्हण्याचा. ‘तुमची उपकरणं’ या पानावर त्याचे दोन मोबाइल आणि कुठल्याशा नेट कॅफेतला कॉम्प्युटर, तिन्ही लॉगिन. येणारी प्रत्येक मेल आपोआप तिसऱ्याच पत्त्यावर जायची सोय केलेली. आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड कोणाच्या वहीत लिहिलेत ते गुलदस्त्यात. तीन गेमिंग ॲपना खात्यात शिरायची परवानगी, आणि यूट्यूब स्टुडिओत एक अनोळखी मॅनेजर, जो कोण हे पुढे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. एवढ्या वाटा असलेल्या रानात नुसता पासवर्ड बदलणं म्हणजे फाटकाला कुलूप घालून कुंपण मोकळं ठेवणं. बरं, नंबर आज बदलला तरी गूगल जुन्या नंबरावर आणखी 7 दिवस कोड पाठवू शकतं. चोरानं नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं म्हणून ही सोय. फक्त आमच्या भानगडीत खरा मालक कोण, हे गूगललाही ठाऊक नव्हतं.

“एवढं कोण करते, काका?” पुतण्या कंटाळला.

त्याला सांगितलं, 20 सप्टेंबर 2024ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं चॅनल पळवलं गेलं. घटनापीठाच्या सुनावण्या दिसायच्या तिथं एक्सआरपी नावाच्या क्रिप्टो चलनाचे व्हिडिओ दिसू लागले. मालकीचे दावे ज्यांच्यापुढे शेवटी जातात, त्यांचाच ताबा गेला. त्याआधी मार्च 2023मध्ये कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या चॅनलचं तेच झालं. ऑफिसातल्या एकानं प्रायोजकाची म्हणून आलेली फाइल उघडली. चोरांना पासवर्डची गरजच पडली नाही. त्यांनी ब्राउझरमधलं उघडं लॉगिनच उचलून नेलं. कॉम्प्युटर कोळून प्यायलेल्यांची ही गत. आपण तर अजून गॅसचा ओटीपी शेजारच्याला वाचायला देतो.

मग विकणाऱ्याला फोन लावला. मी अर्जातल्या ठेवणीतल्या भाषेत सुरुवात केली, “आपण हेतुपुरस्सर...” पण तो बिचारा रडकुंडीला आलेला. “काका, माझं ते एकच जीमेल आहे हो. पोरीच्या बारशाचे फोटो, विम्याची पावती, गॅसचं बुकिंग, सगळं त्यातच. रात्री कोणीतरी शिरतंय असं दिसलं, म्हणून ‘नाही’ दाबलं.”

गूगलनं विचारलं होतं, हे तुम्हीच आहात का? तो खरं तेच बोलला होता. चोर म्हणायचं तर आमच्याच पोराला म्हणावं लागलं असतं, कारण शेत घेताना यानं समोरच्याचं राहतं घरही खिशात टाकलं होतं.

तोड निघाली ती गूगलच्याच नियमांत. चॅनल खासगी खात्यातून काढून ब्रँड खात्यात हलवायचं. तिथं पुतण्याचं नाव मालक म्हणून जोडायचं. 7 दिवस थांबायचं. मग त्याला मुख्य मालक करून जुनं नाव कमी करायचं. जीमेल त्याचं त्याला, चॅनल याचं याला. फेरफारावर हरकतीसाठी आमच्याकडे 15 दिवस देतात, अमेरिकेत आठवड्यात आटोपतं. तिकडे भावकी कमी असावी. शिवाय पुतण्यानं स्वतःच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून घरच्या खरेदीखताच्या पिशवीत ठेवले. जाहिरातीचे पैसे देणारं ॲडसेन्स खातं मात्र विकत येत नाही, ते आपल्याच नावानं लागतं. कमाई 10 डॉलरला पोचली की गूगल घरच्या पत्त्यावर पिन पाठवतं, टपालानं. सगळ्या जगाचा कारभार ढगात नेला, पण आष्टीत हा माणूस खरंच राहतो का हे विचारायला त्यांनाही पोस्टमनच लागतो. (तो पिन अजून यायचा आहे. 10 डॉलरही.)

त्या 7 दिवसांत चॅनलवर दोन मालक एकत्र नांदले. पुतण्यानं डिंक्यावर व्हिडिओ टाकला. खोडावरचा डिंक खरवडून काढायचा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट लावायची, सगळं बैजवार. खाली प्रतिक्रिया आल्या, “भाई, ही नवी गन आहे का?” विकणाऱ्याला जुन्या प्रेक्षकांची दया आली आणि त्यानं एक रात्र खेळून तो व्हिडिओ चढवला. तो असा पळाला की पुतण्याचं तोंड कडुलिंब झालं.

मुदत संपली. जुनं नाव कमी करायची वेळ आली, तर पोरगं बोट उचलेना.

“काका, त्याले एडिटर म्हणून ठेवू का? खेळन तो, टाकन तो, अर्धे पैसे त्याचे, अर्धे आपले.”

म्हणजे विकत घेतलेलं रान विकणाऱ्यालाच बटईनं द्यायचं. मी चष्मा काढला. म्हटलं, “दे बापू, खुशाल दे. पण विदर्भाले 1958चा कुळकायदा लागू हाये, तेवढं ध्यानात ठेव. कसेल त्याची जमीन.”