धरमपेठ ते रोम : नवशिक्यांसाठी अंदाजपत्रक

सर्वप्रथम एक दोनशे पानी वही घ्यावी. मोबाइलवर ॲप असतात, पण ॲपमधल्या ओळीवर बोट ठेवून सासरे जाब विचारू शकत नाहीत, आणि तो विचारला गेल्याशिवाय आपल्याकडे कोणतंही अंदाजपत्रक मंजूर होत नाही. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'रोम, चार दिवस', त्याखाली मनात येईल तो आकडा. आकडा पेन्सिलीने.

आता रोमचा खर्च काढायला बसू नका. आधी नागपूरचा काढा. युरोपच्या सहलीचं बजेट युरोपात फुटत नाही, ते बर्डीच्या बाजारात फुटतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर असतो तेव्हा रोममध्ये तो पंचविशीच्या आसपास असतो. पंचविशीत नागपूरकर स्वेटर शोधतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक आहे. तो थर्मल दाखवेल. घेऊ नका. (घ्यालच. म्हणून वहीत ओळ सोडा.)

मग व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे. वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क, किमान 30,000 युरोचा विमा, आणि ठसे द्यायला मुंबईची फेरी धरा. भाचा म्हणेल, समृद्धी महामार्गावरून गाडी काढू, 701 किलोमीटर तर आहे. त्याला टोल आणि डिझेल कोण भरणार ते विचारा आणि विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढा. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात. पाच वर्षांना एक महिना कमी का, ते वकिलातीलाच ठाऊक. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. 'थोरल्या भावजींकडून तीन लाख खात्यात फिरवून घे' असा सल्ला कोणीतरी देईलच. खात्याच्या उताऱ्यात वर्षभर किराणा आणि वीजबिल, आणि शेवटच्या आठवड्यात अचानक तीन लाख! वकिलातीतला माणूसही पगारदारच असतो. त्याला ते दिसतं.

विमान नागपूरहून दोहा, तिथून रोम. यात शिकवण्यासारखं काही नाही. शिकवण्यासारखं आहे ते बॅगेत.

खाण्याचे पैसे वाचवायचे म्हणून घरून डबा न्यायचा, हा आपला पिढीजात उपाय. पण युरोपीय संघात बाहेरून आलेल्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे सावजी मटण बाद, आणि आईने कढवलेलं तूपही बाद. संत्रा बर्फी मिठाईत मोडते की खव्यात, हा वाद तिथल्या कस्टमवाल्याशी कोणत्या भाषेत घालायचा ते तुम्हीच ठरवा. फळांचं तर विचारूच नका. डिसेंबर 2019 पासून ताजी फळं न्यायची तर रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सवलत फक्त पाच फळांना, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे जळगाव रोमला जाऊ शकतं, नागपूर नाही. ही बातमी कळल्यावर आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विचारलं, "काऊन बे, संत्र्यानं त्याईचं काय बिघडवलं?" याचं उत्तर या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. पोहे, चिवडा आणि भाजणी न्या.

रोममध्ये पोचल्यावर पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, चोवीस तास थंडगार पाणी, फुकट. त्यांना तिथे 'नासोने' म्हणतात. रिकामी बाटली जवळ ठेवा. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यावी. बसलात की बऱ्याच ठिकाणी दर चढतो. टपरीवर उभ्याने चहा प्यायचा सराव इथे कामी येतो. बसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर, स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला 2019 पासून मनाई आहे. दंड 250 युरोपर्यंत. तिथे चिवड्याची पुडी सोडलीत तर तो जगातला सर्वांत महाग चिवडा ठरेल.

पाहण्यासारखं बरंचसं फुकट आहे. सेंट पीटर्समध्ये जायला तिकीट नाही. पँथिऑनला जुलै 2023 पासून 5 युरो लागतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियमही फुकट असतं, पण पूर्ण नागपूर उतरल्यागत गर्दी असते.

कार्डाचं मशीन विचारेल, रुपयांत घेऊ की युरोत? रुपये पाहून जीव सुखावतो. तिथेच फसगत आहे, कारण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो. युरोच दाबा. बहुतेक कार्डांवर बँक वर साडेतीन टक्क्यांच्या घरात घेते, ती ओळ वहीत वेगळी.

राहता राहिल्या भेटवस्तू. यादीत चाळीस माणसं असतील, तर फ्रिजवर चिकटवायची चाळीस कोलोसियमं घेऊ नका. दहा घ्या, जी माणसं तुमच्याकडे जेवायला येतात त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी परत आल्यावर बर्डीवर चक्कर मारा आणि काहीतरी चकचकीत घ्या. किमतीचं लेबल तेवढं नखाने नीट खरवडा.