आठ दातांच्या गिअरास जाहीर पत्र

प्रति,
श्री. गिअर (दात आठ),
मुक्काम : वेबसाइटचे पहिले पान,
भोसरी, तळवडे, चाकण आणि सर्वत्र.



पत्रास कारण की, आपले जाहीर अभिनंदन करायचे राहून गेले होते. भोसरीचा फोर्जिंगवाला असो, तळवड्याचा शीटमेटलवाला असो की चाकणचा रबर-मोल्डिंगवाला, वेबसाइट उघडली की 'आमच्या सेवा'च्या डोक्यावर आपण विराजमान. डावीकडे हस्तांदोलन करणारे दोन हात, उजवीकडे पेटलेला बल्ब. रबराच्या ग्रोमेटशी आपले नाते काय, हे विचारण्याचा उद्धटपणा अजून कोणी केलेला नाही.

आणि प्रवेश किती सुखाचा! याच पट्ट्यात एखादा पार्ट मोठ्या कंपनीच्या गेटातून आत जायचा तर ड्रॉइंग नंबर लागतो, रिव्हिजन लागते, इन्स्पेक्शन रिपोर्ट लागतो. बोअर चार-दोन शतांश मिलिमीटरने मोठे निघाले की अख्खा लॉट आल्या टेम्पोने परत. आपल्याला मात्र आम्ही वेबसाइटवाले एका ओळीच्या आज्ञेत आयकॉनच्या पॅकेजातून उचलतो आणि दर्शनी भागात बसवतो. कोणी मायक्रोमीटर काढत नाही. मालक लांबूनच बघतात आणि म्हणतात, "हां, आता कसं प्रोफेशनल वाटतंय!"

वास्तविक आपले दात आठ, तेही बहुधा चौकोनी. 20 अंशांच्या प्रेशर अँगलला साधारण 17 पेक्षा कमी दात काही दुरुस्ती न करता कापले, तर मुळाशी अंडरकट येतो आणि दात कमजोर होतो. हॉबिंग मशीनवरचा माणूस हे चहा पिता पिता सांगेल. इन्व्होल्यूट वक्राशी तर आपली ओळखच नाही. पण याहून थोर आपला सहकुटुंब फोटो : तीन गिअर, तिघेही एकमेकांत भिडलेले, खाली लिहिलेले 'टीमवर्क'. पहिला उजवीकडे फिरला की दुसरा डावीकडे फिरणार, आणि तिसऱ्याने एकाच वेळी दोन्हीकडे फिरावे अशी अपेक्षा. परिणामी एकही हलत नाही. काही ठिकाणच्या टीमवर्कचे इतके प्रामाणिक चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

आपला स्वभावही करारी. मालक म्हणतात, "याला आपल्या लोगोतला निळा द्या." आपण पडलात एसव्हीजी फाइल. आपल्याला इमेज टॅगमध्ये बसवले, तर पानाची सीएसएस आपल्यापर्यंत पोचतच नाही, काचेच्या केबिनमधल्या साहेबांसारखे आपण दिसता, पण ऐकत नाही. बाहेर काढून थेट मार्कअपमध्ये आणले, तर एसव्हीजीला दिलेला निळा पोटातला पाथ झिडकारतो, कारण त्याने स्वतःचा काळा फिल आधीच लावून घेतलेला. रिॲक्टमध्ये आणायचे तर स्ट्रोक-विड्थमधली आडवी रेघ काढून दोन्ही शब्द जोडून द्यावे लागतात. वजन उतरवायला ऑप्टिमायझरमधून काढले, तर त्याच्या जुन्या आवृत्त्या काही वेळा व्ह्यूबॉक्सच फेकून देतात. मग आकार कमी करायला जावे, तर आपण लहान न होता अर्धे कापले जाता.

उपाय आहे आणि तो फुकट आहे. पाथमधल्या काळ्या फिलच्या जागी 'करंटकलर' लिहिले, की शेजारच्या अक्षरांचा जो रंग तोच आपला. व्ह्यूबॉक्स राखला, की आपण कुठल्याही मापात बसता. त्यासाठी एकच गोष्ट करावी लागते, ती म्हणजे फाइल उघडून वाचणे. आम्ही ती करत नाही, म्हणून आपले राज्य.

उघडली तर आत काय निघते? आमच्याच शॉपफ्लोअरवरची, मशीनला दिल्या जाणाऱ्या जी-कोडची भाषा. पाथमधला 'एम' म्हणजे न कापता नेमक्या जागी जाणे, अर्थात जी 00. 'एल' म्हणजे सरळ रेघ, जी 01. 'ए' म्हणजे कंस. तो जी 02 की जी 03, हे इथे 1 की 0 वरून ठरते. अक्षर मोठ्या लिपीत असेल तर माप मूळबिंदूपासून, लहान लिपीत असेल तर आहे त्या जागेपासून : हेच जी 90 आणि जी 91. वाय तेवढा खाली जाताना वाढतो. एसव्हीजीला डब्ल्यू-थ्री-सीची पहिली मान्यता सप्टेंबर 2001 मध्ये मिळाली. इथल्या कारखान्यांच्या एमआयडीसीची स्थापना 1962 सालची, म्हणजे ती आपल्याहून कितीतरी थोरली. तेव्हा व्हीएमसी मशीन चालवणारा इथला कोणताही पोरगा, शिकवणीशिवाय, आपली कुंडली मांडू शकतो. आणि तरी त्याच्याच कंपनीच्या वेबसाइटवर उसना गिअर!

ग्रोमेट म्हणजे दोन वर्तुळे. लीफ स्प्रिंग म्हणजे एकाखाली एक, आखूड होत जाणाऱ्या कमानी. ब्रॅकेट म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी आणि दोन भोके. 24 बाय 24 च्या चौकटीत हे सगळे मावते. ज्याने तो पार्ट हजारो वेळा कापला, त्याने तो एकदा काढायचा आहे.

तरी आपणास कळवण्यात येते, की :

1. सेटिंग्जच्या बटणावरची आपली नोकरी कायम. तिथे आपल्याला सगळे ओळखतात.
2. उत्पादनांच्या वर यापुढे उत्पादनाचेच चित्र. ड्रॉइंग नंबरसकट.
3. खऱ्या गिअर कारखान्यात अर्ज करायचा असल्यास दात मोजून यावे.
4. त्रिकुटाला कोणत्याही कारणास्तव प्रवेश नाही.

कळावे. लोभ कमी झाला तरी चालेल.

आपला,
भोसरीचा एक वेबसाइटवाला

ता. क. : हस्तांदोलन करणाऱ्या दोघांनाही निरोप द्यावा. पेमेंट 90 दिवसांनी येते, तोवर हात सोडायला हरकत नाही.