पॅरिसचं मावंदं

शेलूबाजारचे आमचे भाऊजी यंदा जानेवारीत पॅरिसला जाऊन आले. चार रात्री, पाच दिवस. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीच्या भाषेत याला 'सिटी ब्रेक' म्हणतात. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून कल्पना लेकीची, लिंका लेकीच्या, पैसे भाऊजींचे.

हिशेब मात्र भाऊजींनी मोबाइलवर ठेवला नाही. मागच्या उन्हाळ्यातली एक लग्नपत्रिका काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर उभी रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं 'पॅरिस', उजवीकडे 'इतर'. डावी बाजू ऐसपैस, उजवी जेमतेम दोन बोटं. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. ती दोन बोटं बघूनच मी बोलायला हवं होतं, पण चहा ताईने केलेला होता.

जानेवारीत युरो एकशे पाच रुपयांच्या घरात होता. रुपयात सांगून भाऊजींना काही उमगत नाही. चौदा एकरवाल्याचं चलन क्विंटल. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये. (हा भाव प्रत्यक्ष हातात पडलेला शेतकरी भेटल्यास त्याचा सत्कार करू, तूर्त हिशेबापुरता धरू.) शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, म्हणजे पावणेदोन क्विंटल सोयाबीन. दोघांचे साडेतीन.

"आन व्हिसा नाई भेटला तं?"

"फी वापस नाही, भाऊजी."

"म्हंजे माल ठेवून घ्यायचा आन पट्टी द्यायची नाई! आपल्या आडत्याले कायले नावं ठेवतो मंग आपुन?"

पुढे कागद. तीन वर्षांचं आयकर विवरण मागितलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे भाऊजींनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही. बँकेचं स्टेटमेंट मागितलं. मृगापासून दसऱ्यापर्यंत भाऊजींच्या खात्यात जे असतं त्याला शिल्लक म्हणणं म्हणजे नाल्याला नदी म्हणणं. मग नोव्हेंबरात सोयाबीनचे पैसे एकदम येऊन पडले. व्हिसाच्या दुनियेत खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम म्हणजे कोणाकडून तरी दाखवायला आणलेली रक्कम, असा पहिला संशय. ज्याचा पगार वर्षातून एकदाच होतो असा माणूस पृथ्वीवर असू शकतो, हे त्या फॉर्मला माहीतच नाही. खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा मोजतात, १२ टक्क्यांवर गेला की माल परत. व्हिसाच्या केंद्रावर माणसाचा ओलावा मोजतात.

रोजच्या खर्चाचा फ्रान्सचा नियम मात्र मला मनापासून आवडला. हॉटेलचं बुकिंग दाखवलं तर माणशी रोज ६५ युरो जवळ हवेत, नाही दाखवलं तर १२०, आणि तिथल्या कोणाकडे उतरणार असाल, रीतसर कागद असेल, तर साडेबत्तीस. म्हणजे पाहुण्याकडे उतरलं की खर्च निम्म्यावर येतो ही गोष्ट फ्रेंच सरकारने कायद्यात घातलीय! आपण ती पिढ्यान्‌पिढ्या बिनकायद्याची पाळतो. भाऊजींनी तासभर डोकं खाजवलं, पण पॅरिसात आमच्या गोतातलं कोणी निघालं नाही.

मधल्या काळात कोणीतरी सुचवलं की कृषी खात्याची परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे, अर्धा खर्च सरकारचा, जास्तीत जास्त एक लाख. भाऊजी खुलले. मग कळलं की कुटुंबातून एकालाच जाता येतं आणि वर अभ्यासही करावा लागतो. ताई म्हणाली, "जा तुमी अभ्यासाले, मी माहेरी जातो." योजना बारगळली.

सगळ्यात अवघड कागद होता तो परत येण्याचा. नोकरदार माणूस रजेचं पत्र जोडतो. भाऊजींची रजा कोण मंजूर करणार? "आपुन तिथं ऱ्हाणार कायले? तूर कोन कापीन?" हाच खरा पुरावा होता, आणि तोच मी इंग्रजीत उतरवला: अर्जदाराची आठ एकर तूर शेतात उभी आहे, ती कापणीला येत असल्यामुळे अर्जदारास २१ जानेवारीच्या आत परतणे भाग आहे. सोबत सातबारा, आठ-अ आणि लेकीने मागवून घेतलेला तुरीचा फोटो. तुरीत ताई उभी आहे, कमरेवर हात ठेवून. या बाईला सोडून हा माणूस कुठे जाणार नाही, हे कुठल्याही वकिलातीला कळावं असा फोटो आहे. आमच्या आळीतली अर्धी पोरं पुण्याला गेली, त्यांना जाताना कोणी विचारलं नाही की वापस येणार का. पॅरिसला चार रात्री जायचं तर लेखी घेतात.

त्या पत्रात आणखी एक ओळ घालायचा मोह मला आवरला नाही, पण लेकीने ती खोडली. ओळ अशी होती की अर्जदार हा स्वतः एका माजी राजधानीच्या जिल्ह्यातला आहे. खोटं काय त्यात? वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून राज्य करायची. वत्सगुल्म म्हणजे हेच आपलं वाशिम. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच सापडला. त्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं. क्लोव्हिस राजाने पॅरिसला आपली राजधानी केलं ते इसवी सन ५०८ च्या सुमारास. त्याआधीच आमचा हरिषेण गादीवर बसला होता. पण माजी आमदाराला पेन्शन असते, माजी राजधानीला नसते. आम्हाला पुन्हा जिल्ह्याचं ठिकाण व्हायलासुद्धा १ जुलै १९९८ उजाडावा लागला, आणि तोही अकोल्यातून वेगळं निघून.

असो. व्हिसा आला. तुरीला आला, असं ताईचं ठाम मत.

प्रवास खरं तर १० तारखेचा स्वस्तात मिळत होता. पण संक्रांत १४ ला. सुगडं पुजल्याशिवाय ताई उंबरा ओलांडणार नव्हती. निघाले १५ ला. आणि लूव्ह्र संग्रहालयाने नेमकं १४ जानेवारीपासून युरोपबाहेरच्या माणसांचं तिकीट ३२ युरो केलं होतं. आधी सगळ्यांना २२. युरोपवाल्यांना अजूनही २२. संक्रांत माणशी दहा युरोंना पडली. बत्तीस युरो म्हणजे सोयाबीनचा एक भरलेला कट्टा आणि वर थोडं. भाऊजी तिकिटाच्या खिडकीवरून मला फोन करून बोंबलले, "गोऱ्यायले एक भाव आन आपल्याले दुसरा! हे कोन्त्या बाजारात असते?"

म्हटलं भाऊजी, अजिंठ्याला. आपल्याला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. पंधरापट. हे तर दीडपटीवरच थांबले, त्यांना अजून धंदा जमत नाही. वराहदेवाच्या लेण्याचा बट्टा मोनालिसाच्या दारात वळता झाला म्हणायचं नि आत जायचं. आत गेले. मोनालिसापुढे मोबाइल वर धरलेली माणसं दाटीवाटीने उभी. ताईने लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "शेगावले याच्याहून शिस्त हाये."

बाकी पॅरिसने त्रास दिला नाही. मेट्रोचं तिकीट अडीच युरोच्या वर, म्हणजे एका स्टेशनाला पाच किलो सोयाबीन. पण तेवढंच पुढच्या दहा स्टेशनांनाही, म्हणून भाऊजींनी जवळचा प्रवास पायी केला आणि लांबचा वसूल केला. खानावळीत नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट द्यावं लागतं, हे लेकीने लिहून दिलं होतं. बाटली घेतली नाही. रस्त्यावरचे संडास फुकट. आयफेल टॉवर खालून बघितला, त्याला पैसे नाहीत. नाश्त्याला बॅगेतले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. पेढे मात्र मुंबईलाच नातलगाकडे ठेवून जावे लागले, कारण दुधाचा जिन्नस बाहेरून युरोपात नेता येत नाही. शेजारच्या काकूंनी 'तिथल्या लोकायसाठी' म्हणून दिलेले पेढे होते ते.

डावीकडचा अंदाज होता दोन लाख दहा हजार. विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, लूव्ह्र, सगळं धरून खर्च आला दोन लाख आठ हजार. दोन हजार शिल्लक! प्रत्येक खर्चाची पावती. आता उजवी बाजू.

दोन सुटकेस. आतून घालायचे गरम कपडे, जे वाशिमात पुन्हा कधी लागणार नाहीत. भाऊजींचे बूट. पोचवायला निघालेली सात माणसं, दोन गाड्या, समृद्धीचा टोल जाता-येता, वाटेत सगळ्यांचं जेवण, मुंबईत मुक्काम. (विमानात दोघंच बसणार होते, हे पोचवणाऱ्यांना ठाऊक होतं.) हार, शाल, नारळ. चुलतभावाला सेंट, कारण त्याने तेवढे पाच दिवस तुरीकडे बघितलं. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी पोरं एका युरोला पाच किल्लीचे छल्ले विकतात; भाऊजींनी घासाघीस करून सहा केले आणि साठ घेतले. रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू उरकायचं होतं, ताईने वाण म्हणून तेच वाटले. शेलूबाजारात आज बऱ्याच फडताळांच्या किल्ल्या आयफेल टॉवरला लटकतात.

आणि मग भाऊजींची आई. वय चौऱ्याऐंशी. दोघं घरी आले, पाया पडले, बसले. म्हातारीने विचारलं, "मावंदं कधी?"

काशीहून आलेल्या माणसाने मावंदं घालायचं असतं. जेवण, गंगापूजन, गावाला तीर्थ. म्हातारी स्वतः पंचाहत्तर साली काशीला गेली तेव्हा तिच्या सासऱ्याने घातलं होतं. तिचा हिशेब सरळ: काशी इकडेच आहे, तुम्ही समुद्रापार जाऊन जिवंत आलात, मग मावंदं मोठंच हवं. पॅरिस हे तीर्थक्षेत्र नाही हे तिला समजवायची हिंमत कोणात नव्हती. शिवाय गावाने आधीच विचारायला सुरुवात केली होती.

दोनशे वीस पानं उठली. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. रोडगे गोवऱ्यांत भाजायला आदल्या रात्रीपासून आठ माणसं. प्रसाद म्हणून चॉकलेटचे तुकडे, त्यांचे पुन्हा तुकडे. तीर्थाला काय द्यायचं हा पेच ताईने घरच्या गंगेच्या गडूवर भागवला. उजवी बाजू पत्रिकेवर मावेना. भाऊजींनी दुसरी पत्रिका जोडली, टाचणी लावून. 'इतर' दोन लाख एकतीस हजारांवर थांबलं, आणि मंडपवाल्याचं बिल अजून यायचं होतं.

पंगतीत पॅरिसबद्दल सगळ्यांनी सगळं विचारलं. थंडी किती, बाया कशा राहतात, विमानात झोप येते का. एका म्हाताऱ्यानेच कामाचं विचारलं. रोडगा कुस्करता कुस्करता म्हणाला, "तिथं सोयाबीनले काय भाव हाये?"

भाऊजी गडबडले. मग आठवलं. खिशातून मोबाइल काढला. तिथल्या किराणा दुकानात त्यांनी एका खोक्याचा फोटो घेतला होता, खोक्यावर ओळखीची शेंग दिसली म्हणून. सोयाबीनचं दूध, एक लिटर, दोन युरो. मागची अक्षरं फ्रेंच, पण 'सोजा' आणि '८%' एवढं वाचता येत होतं.

म्हाताऱ्याने पान तसंच ठेवून उष्ट्या बोटांवर हिशेब मांडला. लिटरमागे ऐंशी ग्रॅम. क्विंटलमधून साडेबाराशे लिटर. पंचवीसशे युरो. शेजारच्या पोराने मोबाइलवर रुपये करून सांगितले. दोन लाख बासष्ट हजार पाचशे.

"म्हंजे बापा," म्हातारा भाऊजींकडे बघून म्हणाला, "एक क्विंटल संगं घेऊन गेला असता, तं तुहं पॅरिस बी निंगलं असतं आन ही बुंदी बी. दोन सुटकेस कायले नेल्या मंग?"

भाऊजी काही बोलले नाहीत. वाढपी आला. म्हाताऱ्याने पान पुढे केलं, बुंदी अजून घेतली.