कम्युनिटी पाहिजे, फर्निश्ड चालेल

ज्येष्ठ महिना लागला की पुण्याच्या पश्चिमेकडच्या उंच इमारतींमध्ये आधुनिक संस्कृतीचा वीट येण्याची साथ पसरते. साथीचं वेळापत्रक पक्कं आहे. मार्चअखेर टार्गेट, एप्रिलमध्ये अप्रेझल, मे महिन्यात मनासारखी न झालेली पगारवाढ आणि जूनमध्ये वैराग्य. मनासारखी पगारवाढ झालेल्यांना ही लागण होत नाही. ते त्या सुमारास बालीला असतात.

आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांना यंदा जोराची लागण झाली. गृहस्थ सॉफ्टवेअरमधले, पन्नाशीच्या अलीकडचे, गुडघे अजून शाबूत. "आपण मुळापासून तुटलोय," ते मला लिफ्टमध्ये म्हणाले. सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत माणूस जितका तुटू शकतो तितके ते तुटले. "शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. कुणी कुणाचं नाही. मला कम्युनिटी हवीय. धर्माच्या पायावर उभी असलेली, खरीखुरी."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला लगेच थकबाकीची यादी आठवली. वार्षिक सभेला यांनी आजवर कधी तोंड दाखवलेलं नाही. गणपतीची वर्गणी क्यूआर कोडवर भरतात आणि आरतीच्या वेळी कॉलवर असतात. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी गेल्या तेव्हा यांनी हात जोडलेले तीन इमोजी टाकले, तेही पार्किंगच्या ग्रुपवर. अशा माणसाला आता अडीचशे किलोमीटर चालून शेजारधर्म शोधायचा होता.

धर्मांची तौलनिक पाहणी त्यांनी रीतसर एक्सेलमध्ये केली. इगतपुरीची विपश्यना पहिल्या फेरीत बाद झाली. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. "बोलायचंच नसेल तर कम्युनिटी कसली?" हा त्यांचा आक्षेप. घंटेचा उल्लेख त्यांनी टाळला. डोंगरावरच्या एका आश्रमाचं निवासी शिबिर दुसऱ्या फेरीत गेलं, कारण तिथल्या वातानुकूलित कुटीचं भाडं पाहून त्यांना आपली कंपनीच जास्त आध्यात्मिक वाटू लागली. उरली वारी. मातीतली, परंपरेची, प्रवेशशुल्क नसलेली, आणि पुण्यातल्या पुण्यात सुरू होणारी.

सौम्य लागण असलेले लोक पुणे ते सासवड एवढं एकच दिवस चालतात. दिवे घाटाच्या वळणावर, मागे भगव्या पताकांची रांग येईल असा फोटो काढतात आणि घाटमाथ्यापलीकडे ड्रायव्हर गाडीचा एसी लावून उभा असतो. आमच्या शेजाऱ्यांनी या लोकांचा सडकून निषेध केला. त्यांनी पूर्ण रजा टाकली, घाम शोषणारे टी-शर्ट घेतले, दीड हजारांचे मोजे घेतले, तुळशीची माळ ऑनलाइन मागवली आणि कुणाच्या तरी मामांच्या ओळखीने परभणीकडच्या एका दिंडीत भिशी भरून नाव लावलं. वहिनींनी पॉवर बँक दोन दिल्या. मुलाने विचारलं, "बाबा, तिकडे वायफाय कोणाचं आहे?"

पहिली ठेच वीणेकरीबाबांपाशी लागली. सत्तरी ओलांडलेले, पायात टायरच्या वहाणा. त्यांनी पाया पडून घेण्याआधीच हे वाकले, तेही वाकले, डोक्याला डोकं लागलं. मग बाबांनी विचारलं, "माउली, माळ कुणाची?"

"ऑनलाइन घेतली. फ्री डिलिव्हरी होती."

"तसं न्हाई. घातली कुणी? कोणत्या फडाचे तुम्ही?"

शेजाऱ्यांनी इकडेतिकडे पाहून कंपनीचं नाव सांगितलं. बाबांनी मान डोलावली. फड नवा असेल.

मग त्यांना कळलं की माळ महाराजांच्या हातून घालायची असते, आणि ती गळ्यात पडली की एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला, वर्षाची वारी आली, मटण गेलं आणि शुक्रवारची संध्याकाळही गेली. रद्द करण्याचं बटण नसलेली वर्गणी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. "म्हणजे यात ट्रायल पीरियड नाही का?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, तुकोबांच्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, ट्रायल अजून संपली नसावी.

वारीत गेलं की घड्याळ सुटतं, असं शहरी माणसाला वाटतं. प्रत्यक्षात पहाटे तुतारी होते (निवडणूक चिन्ह नव्हे, खरी वाजणारी). तीनदा होते. पहिलीला आवरायचं, दुसरीला जागेवर यायचं, तिसरीला पालखी हलते आणि तुम्ही आंघोळीच्या रांगेत असलात तर तुमची आंघोळ हलत नाही. ज्या माणसाने सकाळी साडेनवाच्या मीटिंगला जाच म्हणून राजीनाम्याचे मसुदे लिहिले होते, तो आता अंधारात टॉर्च तोंडात धरून दीड हजारांचे मोजे शोधत होता.

याचा दोष आर्फळच्या हैबतबाबांना द्यायला हवा. साताऱ्याकडचा हा गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत होता. ती सोडून तो आळंदीला माउलींपाशी आला, पण छावणीची शिस्त सोबत घेऊन आला. त्याआधी तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्याही पादुका एकत्र जात. पुढे वंशजांत हक्कांवरून तंटा झाला आणि 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी वेगळी काढली, असं सांगतात. म्हणजे ज्या एकोप्याच्या शोधात आमचे शेजारी निघाले होते, त्या एकोप्याच्या दोन पालख्या भाऊबंदकीने झाल्या आहेत. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. हैबतबाबांनी मात्र भांडत न बसता व्यवस्था लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे मृदंग, वीणा, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेलं. आमचे शेजारी उत्साहाने ओळ सोडून मृदंगाशेजारी नाचायला गेले, तेव्हा एका टाळकऱ्याने त्यांना दंडाला धरून, अत्यंत प्रेमाने, "माउली" म्हणत, परत ओळीत आणून लावलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा "माउली" म्हटलं नाही.

साहजिकच त्यांना तक्रार करायची होती. पोहे तिखट, तंबूत घोरणारे फार, टँकर उशिरा. फीडबॅक कुठे द्यायचा, असं त्यांनी बाबांना विचारलं. तर त्याचीही सोय निघाली, आणि ही सोय मला फार आवडते. मुक्कामाला समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ गजर करत असतात. चोपदार चोप उंच धरून आरोळी देतो आणि एवढा जनसमुदाय गप्प होतो. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र गप्प होत नाही, टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, निवाडा होतो, मग आरती. लाखोंच्या गर्दीत अर्ज नाही, टोकन नाही, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" नाही.

"पण टाळ अख्ख्या दिंडीने वाजवायचे," बाबा म्हणाले.

"एकट्याची तक्रार असेल तर?"

"एकट्याची असंल तर ती पांडुरंगाला सांगायची, माउली."

शेजाऱ्यांची अडचण नेमकी इथे होती. कम्युनिटीने आपल्याला कवेत घ्यावं, पण दंडाला धरू नये. आपली विचारपूस करावी, पण चौकशी करू नये. दिंडीने तर लोणंदपर्यंत त्यांची संपूर्ण चौकशी उरकली होती. गाव कोणतं, जमीन किती, पगार किती, एकच पोरगा का, वडील कुणाकडे असतात. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी रेंज नाही असं उत्तर दिलं.

आणखी एक धक्का त्यांना रात्री बसला. ज्या स्क्रीनपासून ते पळाले होते तो तंबूत आधीच पोचला होता. ट्रकवरच्या जनरेटरला फोनांचा घोस लटकलेला. कुणी गावाकडे पाऊस पडला का पाहतंय, कुणी पेरणीचं विचारतंय, कुणी बाजारभाव बघतंय. शेजाऱ्यांना हे अशुद्ध वाटलं. वारकऱ्यांनी आधुनिकतेपासून दूर राहून यांच्यासाठी जागा राखून ठेवायला हवी होती. वारकऱ्यांना मात्र आषाढी करून वावरात परतायचं होतं. कुणीतरी "साहेब कंप्युटरमधले हायत" असं सांगितलं आणि झालं. पीएम किसानची केवायसी, पीकविम्याचा अर्ज, आधारला न जुळणारं नाव, बंद पडलेला ओटीपी. फलटणपासून पुढे रोज हरिपाठानंतर यांच्यापुढे रांग लागू लागली. "सुट्टी घेऊन टेक सपोर्ट करतोय मी," ते फोनवर करवादले. पण त्या फोनमध्ये मागून कुणीतरी "साहेबांचं जेवण झाकून ठिवा" असं म्हणत होतं. आमच्या इमारतीत यांचं जेवण झाकून ठेवणारं ॲप अजून आलेलं नाही.

ते पंढरपूरहून परतले ते आधुनिक संस्कृतीचे कडवे विरोधक होऊनच. जुनं ते शुद्ध, नवं ते सगळं पोकळ, यावर त्यांनी कंपनीत स्लाइड्ससह व्याख्यानही दिलं. त्या स्लाइड्समध्ये एक स्लाइड नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी पायरीखाली आहे, गाभाऱ्याच्या जवळपासही नाही. ज्या विठ्ठलापुढे सगळे सारखे, त्याच्यापुढे जायला चोखोबांच्या लोकांना 1947 चा मे उजाडावा लागला. त्यासाठी खानदेशातल्या शाळेत शिकवलेला, सत्याग्रहात तुरुंग भोगलेला एक माणूस, साने गुरुजी, तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी बसला. समता, मतदान, वर्तमानपत्र, जाहीर सभा, ही आमच्या शेजाऱ्यांना ज्यांचा वीट आलाय अशी सगळी आधुनिक मंडळी तेव्हा दाराशी उभी होती, आणि दार उघडायला मठ एका महाराजांचाच मिळाला होता. इरावती कर्व्यांनी वारीवर "वाटचाल" लिहिलं, त्यातही एकाच दिंडीतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या वेगळ्या पंगतींची बोच आहे. बाई वारीत मनापासून रमल्या आणि तरीही त्यांना ते दिसलं. पण त्या एक्सेल घेऊन गेल्या नव्हत्या.

तर व्याख्यानाला चारच दिवस झाले असतील. इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी शेजारी माझ्या दारात आले. चेहरा पडलेला.

"बाबांचा फोन होता. वीणेकरी. नातवाला घेऊन पुण्याला येतायत ॲडमिशनसाठी. म्हणाले, 'माउली, यायलोय. तुमच्याकडंच उतरतो म्हणलं. आठ-पंधरा दिसाचं काम हाय.'"

"मग?"

"तसं माझं काही नाही हो. पण हिचं वर्क फ्रॉम होम, पोराची दहावी, गेस्ट रूममध्ये ट्रेडमिल आहे... आणि ते पहाटे चारला काकडा म्हणतात." त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्या सोसायटीच्या नियमांत बाहेरच्या पाहुण्यांच्या मुक्कामावर काही मर्यादा असेलच ना? तीन दिवस वगैरे? तुम्ही लेखी दिलंत तर मी त्यांना तसं सांगू शकेन."

मी सांगितलं, तसा नियम नाही. हवा असेल तर करता येतो. वार्षिक सभा येत्या रविवारी आहे, दहा वाजता, पार्किंगमध्ये. ठराव मांडायला स्वतः हजर राहावं लागतं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेटवरच्या ॲपने फोटो पाठवला होता. टोपी, उपरणं, खांद्यावर वीणा, शेजारी फाइल छातीशी धरलेला पोरगा आणि ज्वारीचं एक पोतं. खाली दोन बटणं होती. मंजूर आणि नामंजूर. ते बघत उभे राहिले, तोवर वॉचमनने पोतं उचलून लिफ्टमध्ये ठेवलंसुद्धा. तो परभणीचाच निघाला.