अमिबाचं सगळं पाठ आहे

अमिबाचे दोन अमिबे कसे होतात, हे नागपुरातल्या कोणत्याही दहावीच्या पोट्ट्याला झोपेतून उठवून विचारा. द्विविभाजन! हायड्राला पिल्लू कसं फुटतं? मुकुलायन! विज्ञान भाग 2 मधला तिसरा धडा सर मोठ्या उत्साहानं घेतात. फुलाचं चित्र रंगीत खडूनं काढतात, परागकण कुठून कुठं जातो तिथं बाण दाखवतात. पान उलटलं की माणूस येतो आणि सरांना अचानक आठवतं, की पोर्शन मागं राहिलाय. "हे घरी वाचून घ्या."

घरी टीव्हीवर नुसती पॅडची जाहिरात लागली तरी बाबांना पाणी प्यायला उठावं लागतं. मेडिकलवाला पॅडचं पाकीट आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत घालतो. (आरोग्यशिक्षणात या सदराचा हातभार एवढाच. पण दर आठवड्याला असतो.) उरला मोबाईल. तो बिचारा "घरी वाचून घ्या" म्हणत नाही, सगळं दाखवूनच देतो.

शिकवायचं ठरलं नव्हतं असं नाही. पण 2007 साली विधिमंडळात लोकप्रतिनिधी खवळले आणि सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. पोरं बिघडू नयेत म्हणून. त्यानंतर पोरं किती सुधारली ते आपण बघतोच आहोत. ही परंपराही जुनी. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक शिक्षणच देत होते, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. केस हरले. दीक्षाभूमीवर दरवर्षी एवढी भाषणं होतात, ही केस मात्र त्यांत फारशी निघत नाही.

शाळा नाही, घर नाही. मग आमच्या शहरात हा विषय शिकवायला घेतला हायकोर्टानं. जानेवारी 2021, नागपूर खंडपीठ. बारा वर्षांच्या मुलीला पेरूचं आमिष दाखवून घरात नेणाऱ्या माणसाचं अपील होतं. कोर्टानं बारकाईनं विचार केला आणि सांगितलं, की स्पर्श कपड्यावरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, सबब बालकांच्या संरक्षणाच्या पॉक्सो कायद्यातला लैंगिक हल्ला होत नाही. तीन वर्षांची शिक्षा एकावर आली.

गुड टच-बॅड टच शिकवणाऱ्या मॅडमची केवढी सोय झाली! आता मुलींना फक्त कापड ओळखता आलं पाहिजे. कॉटन असेल तर अमुक, डिसेंबरच्या थंडीत स्वेटर असेल तर तमुक. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, या शहरातल्या पोरींनी काय करायचं हे निकालात नव्हतं. पुढं खुद्द अ‍ॅटर्नी जनरल सुप्रीम कोर्टात म्हणाले, की अशानं हातात सर्जिकल ग्लोव्ह घातलेला माणूसही सुटेल. नोव्हेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला: हेतू बघा, कापड नाही. म्हणजे दिल्लीला जाऊन दहा महिन्यांनी जे कळलं, ते त्या मुलीच्या आईला त्याच दिवशी कळलं होतं. ती पोलिसांत गेली होती.

आणि पोलिसांत गेल्यावर काय सांगायचं असतं? कुठं हात लावला ते. ज्या अवयवाचं नाव घरी "शी", शाळेत "घरी वाचा", त्याचं नाव मुलीनं ठाण्यात, मग वकिलांसमोर, मग साक्षीच्या वेळी स्वच्छ उच्चारायचं. तिथं कुणी पोर्शन मागं राहिलाय म्हणत नाही.

शाळेत पालकसभा घेऊन हे शिकवायचं म्हटलं, तर काय होईल तेही सांगतो. आधी सगळे छताच्या पंख्याकडं बघतील. मग मागच्या बाकावरून एखादे काका उठतील.

"मॅडम, हे पेपरात येते का जी?"

"येतं ना."

"कितीक मार्काले?"

"पाच."

"मग शिकवा लागन. पण पोरापोरींच्या ब्याच वेगवेगळ्या करा, अन् नोट्स झेरॉक्स करून द्या. घरी विचाराले येऊ नोका म्हना."