चार दिवसांत अख्खं आयर्लंड

गोंदियाकडच्या गोरेगावात चहाच्या टपरीवर सध्या आयर्लंडचा दौरा आखला जातोय. मुलगा डब्लिनला, म्हणून काका-काकू डिसेंबरात चार दिवस जाणार. पहिल्याच दिवशी सकाळी ट्रिनिटी कॉलेजातलं 'बुक ऑफ केल्स', दुपारी मोहेरचे कडे, संध्याकाळी जायंट्स कॉजवे. नकाशावर सगळं वीतभर! मोहेर पार पश्चिम किनाऱ्यावर, डब्लिनहून गाडीने तीन तास. कॉजवे तर उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत; व्हिसाचं त्रांगडं वेगळंच. शिवाय डिसेंबरात तिथे चार वाजून गेले की दिवस मावळतो.

"होऊन जाते ना सारं! लिओ वराडकर आपल्या मालवणकडचेच ना?" (ते आयर्लंडच्या पंतप्रधानपदावरून 2024 मध्येच पायउतार झाले, पण काकांना सांगणार कोण?)

हेच काका. मुंबईचे पाहुणे एका दिवसात नागझिरा, नवेगावबांध आणि हाजरा फॉल उरकू म्हणाले, तेव्हा खो-खो हसले होते. वर सुनावलं, "हाजरा पाहायचा तर पावसाळ्यात या, आणि तेव्हा नागझिऱ्याची सफारी बंद!"

काकांच्या चार दिवसांत गोंदियाहून मुंबई गाठायची विदर्भ एक्सप्रेसची रात्रही धरलेली आहे.