दहा दिवसांची सेवा

परदेशातली चर्चची मंडळी सुट्टी काढून दहा दिवसांच्या सेवेला निघतात. एका रंगाचे टी-शर्ट, वर्गणीतून विमानाचं भाडं, आणि गरजूंच्या गावात रंगवायला शाळेची एक भिंत. समजा, अशी तुकडी खामगावहून पिंपळगाव राजाला येऊन थडकलीच, तर गाव चहा पाजेल, भिंतही दाखवेल. फक्त खामगावच्या ठिय्यावर कामाची वाट बघत बसलेला रंगारी त्याच भिंतीला दोन दिवसांत रंगाचे हात मारून देतो, आणि त्याला व्हिसा लागत नाही. त्यातून ही मंडळी सोयाबीनच्या सोंगणीत आली, तर ज्यांची सेवा करायची ती माणसं घरी सापडायची नाहीत.

जुने मिशनरी असे दहा दिवसांत परतत नसत. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला, १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेला. डॉ. वानलेस मिरजेत दवाखाना थाटून तीन दशकांहून जास्त राहिले. त्यांच्या धर्मप्रसाराशी खुशाल भांडावं. निदान ते भांडण मराठीत तरी करता आलं असतं.

आणि आपण फार हसू नये. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर आपलंच. सरपंचांच्या हस्ते नारळ, कोऱ्या झाडूसह फोटो, बौद्धिक, प्रमाणपत्र. श्रमदानाला निवडलेली जागा आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या माणसानं झाडून ठेवलेली, आणि पोरांच्या पोळ्या लाटायला गावातल्याच बाया.